चौफेर स्पीकर घरच्या घरी

बर्लिनच्या एमबीएल कंपनीचे चौफेर, म्हणजे चारी बाजूंना सारखा आवाज टाकणारे स्पीकर पाहून बऱ्याच वाचकांचे हात शिवशिवू लागले आहेत, असं पत्रांवरून दिसतं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : एमबीएलचा तो पट्ट्या-पट्ट्यांचा गोळा घरी करता येईल का? ॲल्युमिनियमचा पत्रा आणि कात्री, दोन्ही तयार आहे. (ठाणे)

कात्री ठेवून द्या. दिवाळीत मुलं कागदाला उभ्या चिरा देऊन कंदील करतात. तो वरून दाबला की पट्ट्या बाहेर फुगतात. एमबीएलचं तत्त्व हेच आहे. वाकवलेल्या पट्ट्यांचं एक टोक पक्कं बांधलेलं असतं आणि दुसरं व्हॉइस कॉइलला, म्हणजे विजेच्या संकेतावर हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीला जोडलेलं. कॉइल हलली की सगळ्या पट्ट्या एकदम फुगतात, एकदम आकसतात आणि हवा चारी बाजूंना सारखी ढकलली जाते. मध्यम आणि उंच स्वरांसाठी कंपनी कार्बन फायबरच्या पट्ट्या वापरते, कारण त्या हलक्याही हव्यात आणि ताठही. घरी कापलेली प्रत्येक पट्टी आपापल्या सुरात झणझणणार आणि ते झणझणणं कुठल्याही इक्वलायझरने जात नाही.

नक्कल करायचीच तर जर्मनीच्याच ड्युवेल कंपनीची करा. त्यांच्या ‘प्लॅनेट्स’ स्पीकरमध्ये साधे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे पडद्याचे भाग, छताकडे तोंड करून बसवलेत आणि प्रत्येकावर धातूचा एक गोळा आहे. आवाज गोळ्यावर आपटून चहूकडे पसरतो. हे आपल्या आवाक्यातलं आहे.

प्रश्न : मग साहित्य आणि मापं सांगा. सुताराकडून खोकं करून घ्यावं की पाइप वापरावा? (कोल्हापूर)

पाइप. १६० मिमीचा पीव्हीसी पाइप, एका स्पीकरला १ मीटर. त्याच्या तोंडावर १८ मिमी एमडीएफची कडी आणि कडीत ४ इंची फुल-रेंज (खालचे-वरचे सगळे स्वर एकटाच वाजवणारा) ड्रायव्हर, तोंड वर. तळाला टोपण लावा, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली वाळू १० सेंमी उंचीपर्यंत भरा, म्हणजे मुलांचा धक्का लागून पाइप आडवा होणार नाही. वर उरते ती ९० सेंमी हवा, साधारण १६ लिटर. चार इंचीला तेवढी भरपूर झाली.

दोन्ही टोकं बंद असलेल्या ९० सेंमी पाइपात १९० हर्ट्झच्या आसपास लाट उभी राहते आणि पुरुषाचा आवाज रांजणातून आल्यासारखा घुमतो. त्यासाठी पाइपभर पिंजलेला कापूस किंवा उशीतला पॉलिस्टर सैलसर भरायचा. कोंबायचा नाही. सांधे सिलिकॉनने बंद करा. हवेची एक बारीक फट राहिली तरी ती फुसफुसते आणि आपण दोष ड्रायव्हरला देत बसतो.

उंचीचं भान ठेवा. खुर्चीत बसलात तर कान जमिनीपासून ९०-९५ सेंमीवर येतो, भारतीय बैठक असेल तर बराच खाली. गोळ्याऐवजी आपण ड्रायव्हरवर टोक खाली करून शंकू टांगणार आहोत; तो शंकू आणि ड्रायव्हर यांमधली जागा कानाच्या पातळीला यायला हवी. गादीवर बसून ऐकणार असाल तर पाइप आधीच कापून घ्या.

प्रश्न : ड्रायव्हरवरचा शंकू कशाचा करू? स्टीलचं नरसाळं उलटं टांगलं तर चालेल? (सावंतवाडी)

रिकामं नरसाळं वाजतं. आत प्लास्टर ऑफ पॅरिस भरून जड केलंत तर प्रयोगापुरतं चालेल. पण लाकडी खेळण्यांच्या गावात राहून तुम्ही नरसाळं का टांगता? एखाद्या कातारी (लाकूड फिरवून घडवणाऱ्या) कारागिराला कागदावर आकार काढून द्या. बाजू सरळ उतरती नको, आत किंचित वळलेली हवी.

व्यास किती, हे महत्त्वाचं. ४ इंची ड्रायव्हरचा हलणारा पडदा सुमारे ८ सेंमी असतो. अशा पडद्याचा आवाज साधारण १४०० हर्ट्झपर्यंत आपसूकच सगळीकडे पसरतो, तिथे शंकूला काही कामच नाही. त्यापुढे आवाज हळूहळू सरळ रेषेत, म्हणजे आपल्या बाबतीत छताकडे जाऊ लागतो. शंकू आपल्या आकाराएवढ्या किंवा त्याहून आखूड लाटांनाच वळवतो. १५ सेंमीचा शंकू २३०० हर्ट्झच्या आसपास कामाला लागतो, ५ सेंमीचा थेट ७००० ला. म्हणून १५ सेंमी घ्या. टोक ड्रायव्हरच्या मध्यापासून ८-१० मिमीवर असू द्या, जोराच्या ठेक्यावर पडदा टोकाला आपटायला नको. फार वर टांगलात तर आवाज शंकू आणि ड्रायव्हर यांच्यात येरझारा घालतो.

एवढं करूनही ट्रेबल, म्हणजे उंच स्वर, कमी वाटेल, कारण तीच ऊर्जा आता वर्तुळभर वाटली जाते. फोनच्या इक्वलायझरवर ५००० हर्ट्झच्या वर ३ ते ६ डेसिबल द्या. स्पीकर-रचनाकार झीगफ्रीड लिंक्विट्झ यांनी आपल्या ‘प्लुटो’ स्पीकरमध्ये वेगळी वाट धरली : मोठा ड्रायव्हर पाइपात वर तोंड करून आणि साधारण १००० हर्ट्झच्या वरचं सगळं काम श्रोत्याकडे वळलेल्या छोट्या ड्रायव्हरकडे. मला तीच वाट जास्त पटते, पण तिला प्रत्येक ड्रायव्हरमागे वेगळा ॲम्प्लिफायर लागतो.

प्रश्न : स्पीकर तयार झाले, पण गाणारी बाई नक्की कुठे आहे ते कळत नाही. आवाज खोलीभर सांडल्यासारखा वाटतो. खोली १० बाय १२ फूट. (पुणे)

टाळी वाजवून बघा. मागे ‘टर्रर्र’ असा आवाज आला तर दोष स्पीकरचा नाही. टाइल्सची फरशी, उघड्या भिंती आणि चौफेर स्पीकर हे जुळणं कठीण. साधा स्पीकर मागच्या भिंतीवर उंच स्वर फारसे टाकतच नाही, तुमचा पुढे टाकतो तेवढेच मागेही टाकतो.

आवाज कुठून आला हे मेंदू पहिल्या लाटेवरून ठरवतो. हेल्मुट हास यांचा यावरचा प्रबंध १९४९चा आहे. भिंतीवरून परतणारा आवाज थोडा उशिरा आला तर तो मूळ आवाजात मुरतो आणि खोली मोठी वाटते. फारच लगेच आला तर जागा पुसट होते. स्पीकर भिंतीपासून अर्ध्या मीटरवर असेल तर परतीचा आवाज सुमारे ३ मिलिसेकंद मागे असतो, १ मीटरवर असेल तर ६. तेव्हा पाइप १२ फुटी भिंतीच्या बाजूला ठेवा, पण तिच्यापासून निदान पाऊण मीटर पुढे, एकमेकांत २ मीटर अंतर. स्पीकरमागे पुस्तकांचं कपाट, तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर जाड गोधडी, खाली सतरंजी.

तरीही समोर तोंड असलेल्या साध्या स्पीकरसारखी बोट ठेवून दाखवण्याइतकी नेमकी जागा मिळणार नाही. त्याबदल्यात कोपऱ्यात बसलेल्यालाही तेच गाणं ऐकू येतं. मैफलीच्या तिसऱ्या रांगेत डोळे मिटले तर सारंगी किती अंशांवर आहे, हे कोण सांगतं?

प्रश्न : बोस ९०१ म्हणजे हेच ना? (नागपूर)

नाही. १९६८च्या त्या स्पीकरमध्ये नऊ ड्रायव्हर होते, एक पुढे आणि आठ मागच्या भिंतीकडे. तो मुद्दाम भिंतीवर आवाज टाकतो, चौफेर सारखा नाही.

प्रश्न : ॲम्प्लिफायर किती वॉटचा? आणि तबल्याचा बायाँ पोकळ वाटतो, सबवूफर जोडला तर चौफेरपणा बिघडेल? (डोंबिवली)

लहान खोलीला दर चॅनेलला ३० ते ५० वॉट पुरे. सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या स्वरांचा स्पीकर, खुशाल जोडा. ८०-१०० हर्ट्झच्या खाली लाटा ३-४ मीटरच्या किंवा त्याहून लांब असतात, तिथे कुठलाही स्पीकर चौफेरच असतो. शिवाय खालचं ओझं उतरलं की चार इंची ड्रायव्हर मोकळा होतो. मात्र सबवूफरचा क्रॉसओव्हर, म्हणजे त्याने कुठवरचे स्वर वाजवायचे ती सीमा, १०० हर्ट्झच्या वर नेऊ नका, नाहीतर बायाँ कोपऱ्यातून आणि दायाँ समोरून वाजेल.