लिनक्सवरचा प्रिंटर: वाचकांचे प्रश्न

(कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात.)

पोवई नाक्याजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. एचपी लेझरजेट 1020 लिनक्स मिंट 21 वर नीट चालत होता. मिंट 22 वर गेल्यापासून प्रिंट दिली की यादीत ‘फिल्टर फेल्ड’ दिसतं, कागद हलतही नाही. प्रिंटर गेला का? – एक वाचक, सातारा

प्रिंटर गेलेला नाही, मेकॅनिकला बोलावू नका. हा प्रिंटर पान स्वतः आखत नाही, पानाचं तयार चित्र त्याला संगणकाकडून लागतं. शिवाय त्याचं फर्मवेअरही, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रामही, त्याच्या पोटात टिकत नाही. बटण बंद केलं की ते जातं आणि चालू केल्यावर संगणकाने ते पुन्हा भरावं लागतं. ही दोन्ही कामं एचपीलिप हे एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर करतं, पण त्यासाठी त्याला एक बंदिस्त प्लगइन (कोड खुला नसलेला जोड-भाग) लागतो. ओपन सोर्सवाल्यांना तो आवडत नाही, आम्हालाही नाही, पण या मॉडेलला एचपीलिपमध्ये त्याच्याशिवाय भागत नाही.

गोम अशी की प्लगइन आणि एचपीलिप यांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. मिंट 21 मध्ये एचपीलिप 3.21.12 होतं, 22 मध्ये ते 3.23.12 झालं. प्लगइन मात्र वेगळा डाउनलोड केलेला असतो, त्यामुळे तो मागेच राहिला.

इंटरनेट चालू ठेवून टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन -आय’ द्या. कमांडच्या आधी सुडो (ॲडमिनचा अधिकार देणारा शब्द) लावू नका, पासवर्ड ती कमांड स्वतःच मागते. परवान्याला होकार द्या. काम झालं की प्रिंटर बंद करा, दहा आकडे मोजा आणि केबल लावलेली ठेवूनच चालू करा. ही पायरी लोक हमखास विसरतात. प्लगइन बसला तरी फर्मवेअर प्रिंटर चालू होतानाच भरलं जातं.

तरीही अडलं, तर ‘एलपीस्टॅट -व्ही’ देऊन बघा. एकाच प्रिंटरच्या दोन नोंदी सापडतील, एक ‘एचपी:/यूएसबी’ने सुरू होणारी आणि दुसरी नुसत्या ‘यूएसबी://’ने. दुसरी काढून टाका. टायपिंगवाला घाईत तीच निवडतो आणि मग दिवसभर खोळंबा.

सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. एप्सन एलएक्स-310 वर 10 बाय 12 इंची सलग कागदावर मराठीत हिशेबाची पट्टी काढायची आहे. अक्षरं फुटतात आणि प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा वर सरकत जाते. – एक अडते

आधी ड्रायव्हर. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:631 उघडा, ‘ॲडमिनिस्ट्रेशन’मधून प्रिंटर जोडा आणि एप्सनखाली ‘एप्सन 9-पिन सिरीज’ निवडा. तो कप्सबरोबरच (लिनक्समधली छपाई सांभाळणारी यंत्रणा) येतो, बाहेरून काही आणायचं नाही.

देवनागरी या प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये नाही, म्हणून पान चित्र म्हणून जातं. ते हळू निघतं, त्याला इलाज नाही. या ड्रायव्हरमध्ये उभं रिझोल्यूशन इंचाला 72 ठिपके आहे. म्हणजे एका पॉइंटला एकच ठिपका. 12 पॉइंटच्या ‘र्की’मध्ये रफार, वेलांटी, शिरोरेषा आणि अक्षर अशा सगळ्यांनी त्या बारा ठिपक्यांतच मावायचं, मग ती फुटणारच. पट्टीचा मजकूर 16 पॉइंटला घ्या, आडवं रिझोल्यूशन 240 ठेवा आणि जाड-बारीक वळणाचा फॉन्ट टाळून लोहितसारखा सरळ फॉन्ट वापरा. रकान्यांच्या रेषा पूर्ण काळ्या हव्यात. करड्या ठेवल्यात तर नुसते ठिपके उमटतात आणि कार्बनच्या प्रतीवर तेही दिसत नाहीत.

आता सरकणं. पट्टी निघाली की पुढची पट्टी किती वर गेली ते फूटपट्टीने मोजा. बरोबर एक इंच असेल, तर प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पानाची लांबी 11 इंच आहे. ती 12 करा, कृती माहितीपुस्तिकेत आहे. 7.8 मिलिमीटर असेल, तर कुठेतरी ए-4 चं माप शिरलंय, कारण ए-4 ची उंची 297 मिमी आणि तुमच्या कागदाची 304.8. कप्समध्ये कागदाचं माप ‘कस्टम.10x12इन’ द्या आणि लिब्रेऑफिसमधल्या पानालाही तेच माप ठेवा. तिन्ही ठिकाणी मेळ बसला की सरकणं थांबतं.

प्रिंटर चालू असताना बाजूची खुंटी हाताने फिरवायची नाही. कागदाची सुरुवात कुठे आहे हा हिशेब प्रिंटर त्यातच विसरतो.

लाइट गेली आणि आली की प्रिंटर ‘पॉज्ड’ होऊन बसतो. संगणक इन्व्हर्टरवर आहे, लेझर प्रिंटर नाही. – एक वाचक, कोरेगाव

लेझर इन्व्हर्टरवर नाही हे बरंच आहे, कागद भाजणारा भाग फार वीज ओढतो. तात्पुरतं ‘कप्सइनेबल’ आणि पुढे प्रिंटरचं नाव द्या. कायमचं करायचं तर लोकलहोस्ट:631 वर त्या प्रिंटरच्या ‘सेट डिफॉल्ट ऑप्शन्स’मध्ये ‘पॉलिसीज’ उघडा आणि एरर पॉलिसी ‘स्टॉप प्रिंटर’ असेल तर ‘रिट्राय जॉब’ करा. फक्त लाइट नसताना गिऱ्हाईकाने पाच वेळा दाबलेलं प्रिंट लाइट आल्यावर पाचही वेळा निघेल. त्याआधी ‘कॅन्सल -ए’ देऊन यादी रिकामी करा.