दम पोटात नाही, बरगड्यांत राख

परवा भजनात तू अभंगाचं धृपद घेताना खांदे उचलून श्वास घेतलास आणि ओळ अर्ध्यात तुटली. तुझ्या आवाजात दोष नाही, बाळ. श्वास छातीत वरवर घेतलास, एवढंच.

फुप्फुसांखाली घुमटासारखा स्नायू असतो, श्वासपटल म्हणजेच डायफ्रॅम. श्वास घेताना तो खाली सपाट होतो, म्हणून पोट पुढं येतं आणि खालच्या बरगड्या बाजूला फुलतात. ‘पोटातनं गा’ म्हणतात, पण हवा पोटात जात नाही. गाताना पोट आवळून जोर लावलास तर गळाच घट्ट होईल. फुललेल्या बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत. हवा आपोआप हळू सुटते, खरा आधार तोच.

सकाळी जेवणाआधी चटईवर उताणी झोप, पोटावर वही ठेव. वही वर गेली की श्वास बरोबर. मग ‘स्ऽऽ’ करत एकसारखा सोड. आवाज थरथरला की थांब, श्वास किती आकडे टिकतो ते वाढवायची घाई नको. नंतर बसून तंबोऱ्यावर खर्ज, म्हणजे खालचे सूर लाव, दहा मिनिटं पुरेत. चक्कर आली तर बंद कर.

आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयानं निकामी झालं होतं. तरी ते गायले, छोट्या छोट्या ताना घेत. म्हणून लांब दमाची हाव धरू नकोस. अभंगात श्वास कुठं घ्यायचा, त्या जागा आधी वहीत खुणा करून ठेव. पुढच्या गुरुवारी आणून दाखव.