सुट्टी सगळ्यांना लागली, मल्हारला नाही

नाताळच्या सुट्टीत समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांची एक तक्रार ठरलेली असते. "मॅडम, शाळा चालू असते तेव्हा दोघं बरी असतात. सुट्टी लागली की दिवसभर नुसती मारामारी." थोडा वेळ बोलल्यावर त्यामागची भीती बाहेर येते. मोठ्याच्या मनात धाकट्याबद्दल खरंच इतका राग आहे का? पुढे ही दोघं एकमेकांची राहतील ना? मागच्या हिवाळ्यात नाशिकचं एक कुटुंब हीच काळजी घेऊन आलं होतं. त्यांच्या परवानगीने, नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांची हकिगत सांगते.

मल्हार दहा वर्षांचा, पाचवीत. ईरा सहा वर्षांची, पहिलीत. आई सायली विमा कंपनीच्या दाव्यांचं काम घरून करते. सकाळी साडेनऊला लॉगिन, एक वाजेपर्यंत सतत कॉल. वडील सातपूरच्या कारखान्यात, फर्स्ट शिफ्टला. पहाटे उठून जातात, पावणेचारला घरी येतात, जेवतात आणि झोपतात. आजी-आजोबा निफाडला, द्राक्षबागेवर. शाळा असते तेव्हा सकाळ शाळेतच जाते, त्यामुळे सायलीचं काम आणि मुलं यांची गाठ पडत नाही. सुट्टीत ती पडते.

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी मल्हारने ईराला ढकललं. ती पलंगाच्या कडेवर आपटली, कपाळाला चांगलं टेंगूळ आलं. सायली कॉल सोडून धावली, मल्हारला एक फटका दिला, तेव्हा तो ईराकडे बघून म्हणाला, "तू जन्मालाच यायला नको होतीस." या वाक्याने ती हादरली होती. माझ्यासमोर ते सांगताना तिचा आवाज कापत होता.

मी पहिल्या भेटीत मुलांना बोलावलं नाही. सायलीला एक वही घालायला सांगितली. भांडण झालं की चार गोष्टी लिहायच्या: वेळ, आधी काय चाललं होतं, कोण कुठे होतं, आणि नंतर कोणी काय केलं. चूक कोणाची, हे लिहायचं नाही. पालकांना सगळ्यात मोठं भांडण लक्षात राहतं आणि त्यावरून ते मुलाच्या स्वभावाचा अंदाज बांधतात. मला मोठ्या भांडणापेक्षा रोजच्या लहानसहान कुरबुरींतून जास्त कळतं.

वहीतली एक नोंद अशी होती: "दहा चाळीस. मल्हार ठोकळ्यांचा पूल करत होता. ईराला त्याच्या शेजारीच बसायचं होतं. तिने पुलावरून गाडी नेली, पूल पडला. त्याने गाडी फेकली. मी कॉल म्यूट करून बाहेर आले. मल्हारला म्हटलं, तू मोठा आहेस ना, जरा समजून घे. ईराला आत घेऊन बसले." दुसरी, संध्याकाळची: "पाच वाजता. खालून मल्हार रडत वर आला. ईराला खालीच सोडून आला म्हणून मी ओरडले."

नोंदी वाचताना दोन गोष्टी दिसल्या. भांडणं सकाळी साडेनऊ ते एकच्या मधली होती, नाहीतर संध्याकाळी खाली खेळायला गेल्यावरची. रात्री जेवताना एकही नाही. रविवारी सगळे निफाडला गेले होते, तिथे दिवसभर एकही नाही, आणि ही दोघं तिथे सकाळपासून एकत्रच होती. आजोबांबरोबर बागेत हिंडली, शेकोटीपाशी बसली, बोरं खाल्ली. म्हणजे मल्हारला बहीण नकोशी झाली असती तर निफाडलाही झाली असती. दुसरं म्हणजे जवळजवळ प्रत्येक भांडणाचा शेवट एकाच तऱ्हेने होत होता. आईच्या खोलीचं दार उघडत होतं, मल्हारला बोलणी बसत होती आणि ईराला आईची मांडी मिळत होती. सहा वर्षांच्या मुलीला हे गणित कळायला वेळ लागत नाही. ती लबाडी करत नव्हती. साडेतीन तास बंद दारासमोर काढायचे म्हणजे त्या वयाला फार होतात, आणि ते दार कशाने उघडतं हे तिला सापडलं होतं.

पुढच्या भेटीत मल्हार एकटा माझ्यासमोर बसला. या वयाच्या मुलांना "तुला काय वाटतं?" असं विचारलं की ती खांदे उडवतात. म्हणून मी कागदावर मोठं घड्याळ काढून दिलं आणि सुट्टीतला एक दिवस रंगवायला सांगितलं. मनासारखं करता येतं तो वेळ निळा, सगळ्यांबरोबर असतो तो हिरवा, करावंच लागतं तो तपकिरी. त्याने तपकिरी खडू उचलला आणि साडेनऊ ते एक हा तुकडा भरून काढला. मग जेवणाचा थोडा हिरवा, दुपारचा निळा, आणि साडेचार ते सहा पुन्हा तपकिरी.

"हा तर खेळायचा वेळ ना?" मी विचारलं.

"हो, पण ईराला न्यायला लागतं. पप्पा झोपलेले असतात. मुलं तिला कच्चा लिंबू पण करत नाहीत. आणि माझी बॅटिंग आली की ती म्हणते, दादा, सू आली."

हे सांगताना तो चिडलेला नव्हता, दमलेला होता. जरा वेळाने म्हणाला, "पप्पांची शिफ्ट साडेतीनला सुटते. माझी सुटतच नाही." आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: "ती पडली की मला ओरडतात. पण ती ऐकत नसेल तर मी तिला ओरडायचं नाही."

त्या दिवशीच्या वाक्याचा विषय मी काढला नव्हता, त्यानेच काढला. "मी ते खरं नाही म्हटलं. ती सुट्टीत नको, एवढंच." तो कागद आई-वडिलांना दाखवू का, असं मी त्याला विचारलं. तो हो म्हणाला, पण तेव्हा त्याला खोलीत थांबायचं नव्हतं. मी ते मान्य केलं.

मोठ्या मुलाने धाकट्याला सांभाळणं यात मुळात वाईट काही नाही. अर्जेंटिनात जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांनी अशा मुलांबद्दल बारकाईने लिहिलं आहे. मोठी कुटुंबं, एकटे पालक, दोघंही कामाला जाणारी घरं, अशा ठिकाणी थोडं पालकपण मोठ्या मुलाकडे येणं त्यांना स्वाभाविकच वाटत होतं. काम आणि अधिकार दोन्ही स्पष्ट असतील आणि मुलाला झेपतील एवढेच असतील, तर त्यातून मूल जबाबदार होतं. जबाबदारी न सांगता अंगावर पडली, तिला वेळेची हद्द नसली आणि सोबत अधिकार नसला, की मूल पिचतं. मल्हारच्या घरी नेमकं हेच झालं होतं, आणि तसं कोणी ठरवून केलं नव्हतं. "जरा तिच्याकडे बघ रे" हे वाक्य सुट्टीच्या पहिल्या दिवशी पाच मिनिटांसाठी होतं. ते पसरत पसरत पूर्ण सुट्टीभर झालं.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं. आदिवासी पाड्यांवरची मोठी मुलं, त्यातही मुली, धाकट्यांना सांभाळावं लागतं म्हणून शाळेत येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. मुलींना दोष देत बसण्याऐवजी त्यांनी विकासवाडी या प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी आणली. धाकट्याची सोय झाली तर मोठी शिकायला मोकळी होते, इतका सरळ विचार त्यामागे होता. शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही मला तोच विचार उपयोगी पडतो. मोठ्याला समजावत बसण्याआधी धाकट्याची सोय बघायची.

आई-वडिलांसमोर तो कागद ठेवला तेव्हा सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांना मात्र पटलं नाही. "मॅडम, आम्ही नाही का भावंडं सांभाळली? मी सात वर्षांचा असताना धाकट्याला कडेवर घेऊन फिरायचो." हा आक्षेप मला अनेकदा ऐकायला मिळतो आणि तो मी गंभीरपणे घेते, कारण तो खरा असतो. मी त्यांना विचारलं, त्या वेळी घरात आणखी कोण होतं? आई मळ्यात. चुलती स्वयंपाकघरात. आजी ओट्यावर. गल्लीतली दहा पोरं. भाऊ रडला तर हाकेच्या अंतरावर कोणीतरी मोठं माणूस होतं आणि ते येऊन त्याला उचलून घेत होतं. मल्हारच्या बाबतीत ते मोठं माणूस हेडफोन लावून बंद दाराआड होतं. वडील काही बोलले नाहीत. निघताना मात्र तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

मग आम्ही वेळापत्रक आखलं. सायलीने लॉगिनच्या आधी वीस मिनिटं फक्त ईराबरोबर घालवायची, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. वेळ थोडा असला तरी तो रोज त्याच वेळी मिळणार, हे ईराला माहीत असलं पाहिजे. दहा ते अकरा हा मल्हारचा तास. त्यात काय करायचं, हे त्याच्याच अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं: दार उघडायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही, काही झालं तर आईच्या दारावर दोनदा टकटक करायची. काय करायचं नाही, हेही लिहिलं. ईराला भरवणं, तिचं रडणं थांबवणं, रिमोट कोणाचा ते ठरवणं ही त्याची कामं नाहीत. अकरा वाजले की तो सुटला. खालच्या मजल्यावरच्या काकू ईराला अकरा ते बारा त्यांच्याकडे बसवायला तयार झाल्या. मटार सोलायला, चित्रं काढायला तिला तिथे फार आवडू लागलं. सायलीचा सगळ्यात महत्त्वाचा कॉल बाराचा, तेव्हा टीव्ही. तिला याचा अपराधीपणा वाटत होता. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनांत पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांपेक्षा कमी स्क्रीन असं सांगितलं आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेला एक तास त्यात बसतो. मला त्यापेक्षा घातक वाटतं ते रडणं थांबवण्यासाठी दर वेळी हातात दिला जाणारा मोबाईल.

संध्याकाळचा प्रश्न वडिलांनी सोडवला. साडेचारपर्यंत झोपायचं, मग ईराला घेऊन दूध आणि भाजी आणायला जायचं. मल्हार खाली एकटा.

"तू मोठा आहेस ना" हे वाक्य महिनाभर बंद करायचं, असंही मी सुचवलं. आणि भांडण झालं की "सुरुवात कोणी केली?" हा प्रश्नही. या प्रश्नाने पालक न्यायाधीश होतात आणि मुलं वकील. कोणाला लागलं आहे का ते बघायचं, दोघांना वेगवेगळ्या जागी दहा मिनिटं बसवायचं आणि परत कामाला लागायचं. धाकट्याला मांडीवर आणि मोठ्याला बोलणी, असं मात्र अजिबात नको.

सुरुवातीला भांडणं कमी होण्याऐवजी वाढली. ईराला दादा अकरानंतर मिळेना, तेव्हा ती त्याच्या खोलीच्या दारावर लाथा मारू लागली. सायलीचा घाबरून फोन आला. आजवर ज्या गोष्टीने काम होत होतं ती चालेनाशी झाली, की मुलं काही दिवस तीच जास्त जोराने करून बघतात. अशा वेळी मागे फिरलं तर जास्त जोर लावला की काम होतं, एवढंच त्यांना कळतं. सायली माघारी फिरली नाही. सुट्टी संपेपर्यंत लाथा बंद झाल्या. पुढे सायलीच्या कामाच्या शनिवारी, शाळा नसताना, हीच पद्धत चालू राहिली. एका शनिवारी मल्हार स्वतःहून ईराला खाली घेऊन गेला. पुढच्या शनिवारी नाही नेलं. त्याला कोणी कारण विचारलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

भावंडांची सगळीच भांडणं अशी वेळापत्रकाने सुटत नाहीत. मार खाणारं मूल नेहमी एकच असेल, ते दुसऱ्याबरोबर एकटं राहायला घाबरत असेल, झोपेत दचकत असेल, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं असेल, किंवा मारणारं मूल घरातल्या प्राण्यालाही दुखवत असेल, तर सुट्टी संपायची वाट बघू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला भेटा. जवळपास कोणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

मल्हार-ईराच्या घरी याची गरज पडली नाही. संक्रांतीनंतरच्या आमच्या शेवटच्या भेटीत सायलीने विचारलं, "उन्हाळ्याच्या सुट्टीचं काय? ती तर दीड महिना." उत्तर आम्ही चौघांसमोर, म्हणजे मुलांसकट, तिथेच काढलं. ईरा आधी दोन आठवडे निफाडला एकटी जाईल, तेवढे दिवस मल्हार घरी. मग तो निफाडला जाईल आणि ती परत येईल. वडील मे महिन्यातली रजा आत्ताच टाकून ठेवतील. मल्हारला क्रिकेटच्या शिबिराला घालायचं ठरलं. त्याने एकच अट घातली: तिथे ईराचं नाव घालायचं असेल तर खुशाल घाला, पण बॅच वेगळी.