भिंत नवरा रंगवणार की रंगारी? अबोल्यापर्यंत गेलेली एक केस

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांत घराच्या कामावरून बिनसलेली बरीच असतात, म्हणजे येताना सांगतात "आमचं पटतच नाही" आणि दहा मिनिटांत विषय निघतो तो फरशीचा. प्रश्न ठरलेला, काम स्वतः करून पैसे वाचवायचे की माणसं लावून मोकळं व्हायचं. त्यातलीच ही एक केस, नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात.

प्रसाद आणि मृणाल. पुण्यात धायरीला जुन्या बिल्डिंगमधला टू बीएचके, रीसेलचा, हप्ते चालू. कॉन्ट्रॅक्टरने सगळ्या कामाचे साडेतीन लाख सांगितले तर प्रसाद म्हणाला वेडा आहे का हा, यातलं निम्मं मीच करतो, हल्ली व्हिडिओ बघून सगळं येतं. आणि जूनमध्ये, हो जूनमध्ये, पाऊस तोंडावर असताना याने बेडरूमची भिंत खरवडायला घेतली! आता पावसाळी हवेत पुट्टी वाळणार कधी, आणि बाहेरून ओल येत असेल तर आतून कितीही फासा, पापुद्रे सुटणारच, आधी बाहेरची भेग भरायला लागते. ऑक्टोबरात दोघं माझ्याकडे आले तेव्हा भिंत तशीच, गादी हॉलमध्ये. मृणालने मोबाईल पुढे केला, मला वाटलं भिंतीचा फोटो असेल, तर तो निघाला पोळ्यांच्या डब्याचा, झाकणावर पांढरा थर. "मॅडम, चार महिने मी हेच पुसतेय."

पहिलं सेशन पैशातच गेलं. तो म्हणणार मी वाचवतोय, ती म्हणणार काय वाचलं दाखव. बोलू दिलं दोघांना. मग सहज विचारलं, लहानपणी घरात काही मोडलं बिघडलं की कोण बघायचं?

प्रसादच्या वडिलांनी गावी घर बांधायला काढलं होतं, मिस्त्री ॲडव्हान्स घेऊन स्लॅबच्या आधीच गायब झाला आणि वडील वर्षभर नातेवाइकांकडे उसने मागत फिरले, तेव्हा हा आठवीत होता. मृणालचं बरोब्बर उलटं. तिचे बाबा सगळं घरीच दुरुस्त करायचे आणि एकही काम पूर्ण करायचे नाहीत, इस्त्रीच्या वायरला असाच टेप गुंडाळून ठेवलेला आणि त्याच इस्त्रीचा आईला शॉक बसला. त्यामुळे नवऱ्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की हिच्या पोटात गोळा येतो. सात वर्षांच्या संसारात हे दोघांनी एकमेकांना सांगितलंच नव्हतं.

पुढच्या वेळेला कागद दिला, सगळी कामं लिहा आणि प्रत्येकापुढे एकच उत्तर लिहा, हे फसलं तर कोणाची माफी मागावी लागेल? (मी काही सिव्हिलवाली नाही, पण माझा नवरा त्याच धंद्यात, जेवताना दुसरा विषय नसतो.)

रंग फसला तर आपल्याच डोळ्यांना खुपतो, घासून परत हात मारता येतो. ड्रॉवरचे चॅनल, पडद्याचे रॉड, ओट्यामागच्या टाइल्सचं ग्राउट म्हणजे मधल्या फटी भरणं, हे सगळं प्रसादकडे. बाथरूम मात्र नाही, कारण वॉटरप्रूफिंग चुकलं तर पाणी उतरतं खालच्या काकूंच्या सिलिंगवर आणि ते कळतं टाइल्स बसून महिने उलटल्यावर, म्हणजे परत सगळं फोडा. आणि मिस्त्री लावला म्हणून आपण सुटलो असंही नाही हां, वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावायच्या आधी तळाला पाणी भरून 24 ते 48 तास ठेवायचं आणि खाली जाऊन सिलिंग बघून यायचं, मिस्त्री घाई करणारच, त्याला म्हणायचं दोन दिवस दुसऱ्या साइटवर जा बाबा. वायरिंगला तर चर्चाच नको. होल्डर बदलणं वेगळं आणि गीझरला नवी लाइन ओढणं वेगळं, ते लायसनवाल्याकडूनच, आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यायचा. ओपन किचनसाठी मधली भिंत पाडायची होती प्रसादला, त्याला सांगितलं आधी सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग हातोडा. ते काम कागदावरच राहिलं, त्यावरून अजून थोडा रुसलाय.

ॲडव्हान्सची त्याची भीती काही खोटी नव्हती. म्हणून मटेरियल स्वतः आणायचं, मिस्त्रीशी फक्त लेबरचं ठरवायचं तेही लिहून, आणि पैसे जेवढं काम होईल तेवढेच, शेवटचा हप्ता सगळे नळ सोडून बघितल्यावर. हे ठरलं तसा तो खुर्चीत जरा मागे टेकला, तोवर पुढे सरकूनच बसला होता.

मग त्याला विचारलं, बेडरूमला किती रविवार? म्हणे दोन. म्हटलं मोबाईलमध्ये कॅलेंडर उघड आणि मोज. उरलेलं खरवडणं, पुट्टीचे दोन हात, मध्ये वाळायला वेळ, घासणं, प्रायमर, रंगाचे दोन हात, त्यात एका रविवारी भाच्याची मुंज... गेला सहावर. मृणाल हसली, चार महिन्यांत पहिल्यांदा असं तीच म्हणाली. ठरलं असं की तुळशीच्या लग्नापर्यंत बेडरूम झाली नाही तर रंगारी, तोपर्यंत मृणालने टोमणा मारायचा नाही, आणि रोजची धूळ ज्याने पाडली त्यानेच त्याच रात्री पुसायची. सगळ्यात जास्त घासाघीस झाली ती या शेवटच्या अटीवर.

बेडरूम झाली, चार दिवस उशिरा, ते तिने सोडून दिलं. कपाटामागे रोलरचे पट्टे दिसतात म्हणे. हॉलसाठी रंगाऱ्याला फोन प्रसादनेच केला, खांदा धरला होता.

जानेवारीत मृणालचा मेसेज आला, फोटो होता. बाथरूमच्या तळाला पाणी भरलेलं, पाण्याची पातळी कळावी म्हणून भिंतीवर खडूची रेघ, आणि रेघेपाशी टॉर्च धरून उकिडवा बसलेला प्रसाद. खाली लिहिलं होतं, "मिस्त्री कधीच घरी गेलाय मॅडम, रात्रीचे दोन वाजलेत, हा दर तासाला उठून बघतोय."