टाउनने कर्ज काढून पोलीस-फायरची बिल्डिंग बांधावी का?

प्रश्न : ताई, आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या टाउनमध्ये नऊ वर्षं राहतोय. पोलीस आणि फायर दोन्ही एकाच छपराखाली आणायचं चाललंय, पब्लिक सेफ्टी बिल्डिंग म्हणतात त्याला, आणि त्यासाठी टाउन बाँड काढणार आहे, म्हणजे कर्ज घेणार आहे. आधी टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे टाउनच्या मतदारांच्या सभेत, मतदान, मग परत बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, प्रश्न. घरात दोन तट पडलेत. ह्यांचं म्हणणं टॅक्स आधीच डोक्यावरून गेलाय, पैसे साठवा आणि मग बांधा. सासरे आमच्याकडेच असतात, ते म्हणतात ऋण काढून सण कशाला. मला एवढंच कळत नाहीये की टॅक्स कायमचा वाढणार की काही वर्षं, आणि दोन-दोनदा व्होट का? मी सिटिझन आहे, ह्यांचं ग्रीन कार्ड आहे.

उत्तर : आधी कायमचा की तात्पुरता ते सांगते, कारण बहुतेक घरांमधलं भांडण तिथेच असतं. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी १९८० साली प्रपोझिशन टू अँड अ हाफ नावाचा कायदा पास केला, त्यामुळे टाउनला प्रॉपर्टी टॅक्सच्या वसुलीची मर्यादा दरवर्षी अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, नवीन बांधकामावरचा टॅक्स त्यात वेगळा धरतात. ही मर्यादा अख्ख्या टाउनच्या वसुलीवर आहे हं, तुमच्या एकट्याच्या बिलावर नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी तुमचं बिल पाच टक्के वाढलं तरी कायदा मोडला असं होत नाही. आता या मर्यादेबाहेर जायचे मुख्य दोन रस्ते आहेत. ओव्हरराइड पास झाला तर मर्यादाच कायमची वर सरकते. डेट एक्स्क्लूजन पास झालं तर फक्त त्या कर्जाचा हप्ता मर्यादेच्या बाहेर राहतो, आणि कर्ज फिटलं की तो टॅक्स जातो. बिल्डिंगसाठी बहुतेक वेळा डेट एक्स्क्लूजनच मागतात, पण तुमच्या बॅलटवर नक्की काय आहे ते बघा.

दोन व्होट कशाला, तर दोन वेगळे प्रश्न आहेत. टाउन मीटिंगमध्ये विचारतात की कर्ज काढायचं का, आणि तिथे दोन तृतीयांश मतं लागतात. बॅलटवर विचारतात की हा हप्ता अडीच टक्क्यांच्या बाहेर ठेवायचा का, तिथे साधं बहुमत पुरतं. दोन्हीकडे हो झालं तरच गाडी पुढे सरकते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, बॅलटवरच्या त्या प्रश्नात रक्कम लिहिलेलीच नसते. रक्कम टाउन मीटिंगच्या वॉरंटमध्ये, म्हणजे सभेच्या विषयपत्रिकेत, असते. मी आमच्या टाउनच्या फिनकॉमवर, म्हणजे फायनान्स कमिटीवर, सहा वर्षं होते, आणि बूथमधून बाहेर येऊन "अहो किती डॉलर ते कुठे लिहिलंय?" असं विचारणारी माणसं दर वेळी भेटायची. वॉरंट आधीच वाचून जा.

आता आकडे. तुमच्या टाउनचे मला माहीत नाहीत म्हणून समजायला सोपे घेते. समजा १ कोटी डॉलरचं कर्ज, ४ टक्के व्याज, २० वर्षं, सारखा हप्ता. वर्षाला साधारण ७ लाख ३६ हजार डॉलर, आणि वीस वर्षांत व्याज सुमारे ४७ लाख. तेच ३० वर्षांचं केलं तर हप्ता ५ लाख ७८ हजारांवर येतो पण व्याज जातं साडेत्र्याहत्तर लाखांवर. टाउनमधल्या सगळ्या प्रॉपर्टीची मिळून किंमत २०० कोटी डॉलर धरली, तर ६ लाखांच्या घराला वीस वर्षांच्या कर्जात वर्षाला २२० डॉलरच्या आसपास आणि तीस वर्षांच्या कर्जात १७३. म्हणजे वर्षाचे पन्नासेक डॉलर वाचवायला टाउन सुमारे २६ लाख जास्त व्याज भरणार. मला स्वतःला वीस वर्षंच पटतात. मीटिंगमध्ये तीस वर्षांचीच स्लाइड दाखवली तर उठून वीसची पण मागा, ती ट्रेझररकडे, म्हणजे टाउनच्या खजिनदाराकडे, बहुधा तयार असते. आणि अजून एक मागा, जुनी कर्जं कधी फिटतायत त्याचा तक्ता. शाळेचा बाँड दोन-तीन वर्षांत संपणार असेल तर नवीन हप्ता त्याच जागेवर बसतो आणि बिलात तेवढा धक्का लागत नाही.

पैसे साठवून बांधा हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, मलाही पूर्वी वाटायचं. पण वीस वर्षं साठवायचं म्हणजे आज टॅक्स भरणारी माणसं, ज्यातली कितीतरी तोपर्यंत दुसरीकडे गेलेली असतील, ती उद्या येणाऱ्यांची बिल्डिंग बांधून देणार, आणि तेवढ्या वर्षांत बांधकामाचा खर्च कुठल्या कुठे गेलेला असतो. कर्जात जो बिल्डिंग वापरतो तो हप्ता भरतो. शिवाय टाउनच्या बाँडच्या व्याजावर गुंतवणूकदाराला फेडरल इन्कम टॅक्स नसतो, म्हणून टाउनला तुमच्या-आमच्यापेक्षा स्वस्तात पैसे मिळतात. सासऱ्यांना सांगा की त्यांचं तत्त्व घरासाठी अगदी बरोबर आहे, पण हा सण नाहीये, रात्री दोनला ॲम्ब्युलन्स जिथून निघते ती जागा आहे.

आणि त्यांना घेऊन जुनं स्टेशन बघून या, खरंच. बहुतेक टाउन व्होटच्या आधी एखाद्या शनिवारी ओपन हाउस ठेवतात. आम्ही गेलो होतो तेव्हा गाडी आत घेताना एक फायरफायटर दाराशी उभा राहून हाताने खुणा करत होता, कारण दोन्ही बाजूचे आरसे दुमडल्यावर चौकटीला आणि गाडीला मिळून जेमतेम चार बोटांची जागा उरत होती. दार बांधलं तेव्हाच्या गाड्या लहान होत्या. आत गाडीच्या मागेच भिंतीवर त्यांचे आगीतले कोट टांगलेले, डिझेलचा धूर थेट त्यांच्यावर, आणि तिथून सहा पावलांवर जेवायचं टेबल. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलं, आणि २०२२ मध्ये फायरफायटरचं कामच पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींत, टाकलं. ते टेबल बघितल्यावर मी घरी येऊन माझं मत बदललं.

पण म्हणून डोळे मिटून हो म्हणा असं मी म्हणत नाहीये. ज्या प्रश्नावर खरं तर तासभर चर्चा व्हायला हवी तो मीटिंगमध्ये पाच मिनिटांत संपतो : आत माणसं किती असणार आणि त्यांचे पगार कुठून येणार? डेट एक्स्क्लूजन फक्त कर्जाचा हप्ता बाहेर ठेवतं. मोठ्या बिल्डिंगचं हीटिंग, वीज, साफसफाई, नवीन भरती, हे सगळं त्याच अडीच टक्क्यांत बसवायचं असतं, आणि नाही बसलं तर दोन वर्षांनी ओव्हरराइड मागायला येतात, जो कायमचा असतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं आणि लोक चिडले, बरोबरच चिडले. तेव्हा बिल्डिंग कमिटीला दहा वर्षांचा चालवायचा खर्च लेखी मागा. तो नसेल तर तयारी पुरी झाल्यावर या असं सांगून नाही म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. फक्त "टॅक्स नको" एवढ्यावर नाही म्हणू नका.

ह्यांना मीटिंगला नक्की न्या. मतदान नोंदणी झालेल्या सिटिझनलाच, पण बाकीच्यांना वेगळं बसून ऐकता येतं आणि मॉडरेटरकडे, म्हणजे सभा चालवणाऱ्याकडे, परवानगी मागितली तर बऱ्याचदा बोलूही देतात.

प्रश्न : आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे, स्वतःच्या घरात राहतात, बेताचं उत्पन्न. शेजारी म्हणतात हा बाँड झाला तर म्हाताऱ्यांना घर विकावं लागेल. खरंच का हो?

उत्तर : भीती खोटी नाही, पण मदत असते आणि लोक ती मागतच नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये ६५ आणि त्यापुढच्यांना सर्किट ब्रेकर नावाचं टॅक्स क्रेडिट आहे, पूर्ण प्रॉपर्टी टॅक्स आणि पाणी-सांडपाण्याच्या बिलाचा अर्धा भाग मिळून उत्पन्नाच्या १० टक्क्यांवर गेला तर वरचं काही परत मिळतं, उत्पन्नाची आणि घराच्या किमतीची मर्यादा आहे. त्यासाठी स्टेटचा टॅक्स रिटर्न भरावाच लागतो, टॅक्स लागत नसला तरी, आणि नेमकं तिथेच कितीतरी ज्येष्ठांचे पैसे राहून जातात. त्याशिवाय असेसरच्या ऑफिसात, म्हणजे टाउनमधल्या घरांची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसात, क्लॉज ४१सी ची, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधली ज्येष्ठांची, सूट विचारा. ४१ए मध्ये टॅक्स पुढे ढकलता येतो, तो घर विकताना किंवा नंतर वारसांनी व्याजासकट द्यायचा असतो, म्हणून भावंडांशी आधी बोलून घ्या. बाबांना एकट्याला पाठवू नका, सोबत जा.

प्रश्न : शाळेच्या बिल्डिंगला स्टेट पैसे देतं, मग याला का नाही? आणि एवढी महाग का?

उत्तर : शाळांसाठी स्टेटची एमएसबीए नावाची वेगळी संस्था आहे, ती मंजूर खर्चाचा काही भाग देते. पोलीस-फायरसाठी तसं काही नाही, जवळजवळ सगळं टाउनच्या अंगावर. टाउन ग्रामीण असेल, वस्ती २० हजारांच्या आत असेल, तर फेडरल शेती खात्याचा म्हणजे यूएसडीएचा कम्युनिटी फॅसिलिटीज कार्यक्रम बघण्यासारखा आहे, सिलेक्ट बोर्डला, म्हणजे टाउनचा कारभार बघणाऱ्या मंडळाला, विचारा की अर्ज केलाय का.

महाग का, तर वादळात किंवा भूकंपात बाकी सगळं बंद पडलं तरी ही उभी आणि चालू राहायला हवी, म्हणून बिल्डिंग कोडमध्ये तिला हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या रांगेत बसवलंय, स्ट्रक्चर जास्त भक्कम, वीज गेली तर जनरेटर. त्यात कोठड्या, पुरावे ठेवायची खोली, कोट धुवायची वेगळी जागा. मजुरी सरकारी ठरलेल्या दराने. १५ लाख डॉलरच्या वरच्या कामाला टाउनच्या बाजूने प्रोजेक्ट मॅनेजर नेमावाच लागतो, त्याचीही फी आली. यातलं काही कापता येत नाही. कापता येतं ते मोठाल्या मीटिंग हॉलचं आणि दर्शनी काचांचं, त्यावर बोला.