लेकीचं बाळंतपण आणि घरातला पोपट

"पोपटामुळे आम्हाला कुठं जाताच येत नाही" हे वाक्य समुपदेशनात वाटतं त्यापेक्षा बऱ्याचदा ऐकू येतं. ते येतं दुसऱ्याच कशाच्या तरी ओघात. नवरा-बायकोची कुरबुर चाललेली असते, नाहीतर लग्नाला न गेल्यामुळे कुणीतरी रुसलेलं असतं. ऐकणारे हसण्यावारी नेतात आणि बोलणं तिथंच थांबतं. ही हकिकत साताऱ्यातल्या शाहूपुरीतल्या एका जोडप्याची. ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील बदलले आहेत, पक्ष्याचे बदललेले नाहीत.

काकू अठ्ठावन्न वर्षांच्या, काका नुकतेच निवृत्त झालेले. लेक नाशिकला, पहिलटकरीण. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे ती माहेरी येणार नव्हती, आईनंच तिकडं जायचं होतं. पण काकूंचा पाय घरातून निघेना. मुलानं लॉकडाऊनमध्ये आणलेला कॉकाटिएल (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट), बंड्या, आता पाच वर्षांचा होता आणि मुलगा नोकरीसाठी हैदराबादला गेला होता. "एका पाखरासाठी लेकीला वाऱ्यावर सोडणार का?" हा काकांचा सवाल. काकू त्यावर गप्प बसायच्या आणि रात्री जागायच्या.

अशा वेळी समुपदेशकाला मोह होतो तो पाखराच्या मागे दडलेलं काहीतरी शोधायचा. मुलगा लांब गेला, त्याची माया पाखरावर बसली, असं काहीबाही. त्यात थोडं तथ्य असेलही. पण "नेमकं काय होईल असं वाटतं?" एवढंच विचारल्यावर काकूंनी सांगितलं ते फार साधं होतं: "मागच्या खेपेला तो उपाशी राहिला."

चार दिवस दोघं गावाला गेले होते. किल्ली शेजारच्या मुलाकडे होती. तो रोज आला, पाणी बदललं, वाटी भरलेली बघितली आणि गेला. परत आल्यावर बंड्या पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेला होता आणि त्याच्या छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत होतं. मुलानं कामचुकारपणा केलेला नव्हता. कॉकाटिएल दाणा चोचीत फिरवून सोलतो, आतला गर खातो आणि फोलपट तिथंच वाटीत टाकतो. दीड-दोन दिवसांत वाटीवर फोलपटांचा असा थर बसतो की लांबून ती काठोकाठ भरलेली दिसते. तळाशी उरलेसुरले दाणे उकरून बंड्या कसाबसा तगला होता.

म्हणजे काकूंची चिंता मनाचे खेळ नव्हती, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती. तिला "सगळं नीट होईल" हे उत्तर पुरत नाही. म्हणून आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: काय बिघडू शकतं, ते किती वेळात कळायला हवं आणि कोणाला कळेल. नव्वद-शंभर ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात साठा फारसा नसतो. एक अख्खा दिवस पोटात काही नसलं तर तो धोक्यात येतो, म्हणून खाण्या-पाण्यातली चूक त्याच दिवशी कळायला हवी. आजार दुसऱ्या सकाळपर्यंत. पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं असेल तर तेव्हाच्या तेव्हा. काकूंनी सगळ्यात वर लिहिलं होतं "एकटा पडेल". ते खोडायला सांगितलं नाही, फक्त शेवटी घ्यायला सांगितलं. कॉकाटिएल थव्यात राहणारा पक्षी आहे, त्याला सोबत लागतेच. पण आधी त्याच्या पोटात दाणा हवा.

मग कोणाकडे ठेवायचं? कोरेगावची जाऊबाई तयार होती, पण तिच्या घरात मांजर होतं. मांजर पिंजऱ्याबाहेर नुसतं बसून राहिलं तरी पक्षी खाणं सोडतो. पक्षी विकणाऱ्या दुकानात ठेवायचा पर्याय काकांचा. तिथं खर्च कमी, पण सतत नवे पक्षी येत-जात असतात आणि पोपटांचे काही आजार वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून पसरतात. त्यातला सिटॅकोसिस तर माणसालाही होतो. वेगळी खोली आणि प्रत्येक पक्ष्याची वेगळी भांडी नसतील, तर अशा ठिकाणी ठेवू नये. सोबत नाशिकला न्यायचा विचार बाळंतिणीच्या घरात बसणारा नव्हता, कारण कॉकाटिएलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. शिवाय मे महिन्यात गाडीनं एवढा लांबचा प्रवास. राहिला एकच मार्ग: पक्षी त्याच्या जागेवर, त्याच्याच पिंजऱ्यात आणि माणसानं दोन वेळा त्याच्याकडे यायचं. ओळखीचा पिंजरा आणि ओळखीची खिडकी असली की निम्मी लढाई जिंकलेली असते.

माणूस मिळालं ते वरच्या मजल्यावर राहणारी, अकरावी संपलेली मुलगी. तिची आई पैसे घ्यायला तयार नव्हती, आणि इथं समुपदेशनाचं खरं काम होतं. उपकार म्हणून केलेल्या कामात विचारपूस करता येत नाही. "वाटी रिकामी केलीस का गं?" हे फुकट करणाऱ्या मुलीला रोज विचारायला जीभ रेटत नाही, आणि मग माणूस लांब बसून घुसमटतं. रोजचे पैसे आधी ठरवून दिले की विचारणं सोपं होतं आणि तिलाही उशीर झाला तर सांगावंसं वाटतं. बऱ्याच वादानंतर मुलीच्या आईनं "तिच्या क्लासच्या फीला" म्हणून ते मान्य केलं. मुलीला दमा किंवा धुळीची ॲलर्जी नाही ना, हेही विचारून घेतलं, त्या भुकटीमुळे.

दाण्यांचा प्रश्न काकूंनी स्वतःच सोडवला. राळा, बाजरी आणि थोडी करडई यांचं मिश्रण, दिवसाला दोन मोठे चमचे, कागदाच्या पुड्यांत बांधून प्रत्येकीवर तारीख. सूर्यफुलाच्या बिया अगदी मोजक्या, कारण त्या तेलकट असतात आणि पक्षी त्या निवडून खाऊन बाकीचं टाकतो. नियम एकच: सकाळी वाटी पूर्ण रिकामी करायची, पुसायची, त्या तारखेची पुडी ओतायची. कालच्यावर आजचं ओतायचं नाही. संध्याकाळी वाटी पिंजऱ्यापासून लांब नेऊन हलकी फुंकर मारायची. फोलपटं उडतात आणि खाली किती दाणे आहेत ते दिसतं. पाणी दोन्ही वेळा बदलायचं. पिंजऱ्याला तोंडाशी धातूची गोळी असलेली पाण्याची बाटली होती, पण ती गोळी अडकते आणि बाटली भरलेली असूनही पक्षी तहानलेला राहतो, म्हणून शेजारी पाण्याची एक वाटीही. सकाळी मेथी, कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर. उन्हाळ्यात ते दोन तासांत उचलायचं, नाहीतर आंबतं आणि मुंग्या येतात. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्यांचा बंदोबस्त होतो. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, फरसाण यातलं काही द्यायचं नाही. "एवढासा तुकडा" सुद्धा नाही.

पिंजऱ्याच्या तळाला साधं वर्तमानपत्र, रोज बदलायचं. बदलण्याआधी फोटो. हा फोटो पक्ष्याच्या फोटोपेक्षा उपयोगाचा असतो. नीट खाणाऱ्या पक्ष्याच्या शीटेत हिरवट घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी असं वेगवेगळं दिसतं. शिटा एकदम कमी झाल्या किंवा काळपट-गडद हिरव्या आणि चिमूटभर व्हायला लागल्या, तर वाटी कितीही भरलेली दिसो, पक्षी खात नाही. पक्षी आजार लपवतो. तळाशी येऊन बसणं, दिवसा पिसं फुगवून डोळे मिटणं, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणं, यातलं काही दिसलं तर "उद्या बघू" म्हणायचं नाही.

त्यासाठी डॉक्टर आधी ठरलेला हवा. गुरांचे आणि कुत्र्यांचे डॉक्टर जवळ असतात, पण सगळेच पक्षी तपासत नाहीत, तेव्हा फोन करून विचारून ठेवायचं. जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, गरज पडली तर तिथला पर्यायही कागदावर असू दे म्हटलं. पाकिटात पैसे आणि "आमच्या गैरहजेरीत उपचाराचा निर्णय घ्यायला यांना आमची परवानगी आहे" अशी चिठ्ठी. नाशिकहून फोन लागला नाही म्हणून मुलीनं थांबायचं नाही.

इथंच एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती लोक दबक्या आवाजात विचारतात. आपल्याकडचा हिरवा राघू घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कॉकाटिएल मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याला ती अडचण नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव, कोन्युअर यांसारख्या परदेशी पक्ष्यांची मात्र 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. कागद नसले की माणूस डॉक्टरकडे जायलाही बिचकतो आणि त्याची किंमत पक्षी मोजतो.

पिंजऱ्याबाहेर काढायचं नाही, हे मुलीला दोनदा सांगितलं. तिच्या हातून सुटला तर पंखा आहे, खिडकी आहे. कॉकाटिएल वर सरकणारी दारं चोचीनं उचलतो, म्हणून वाट्यांच्या छोट्या दारांनाही कपडे वाळत घालायचे चिमटे. खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल नाही आणि त्या घरात नॉनस्टिक तवा तापवायचा नाही. तो फार तापला की त्याच्या लेपातून निघणाऱ्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो.

बाळंतपणाची तारीख कुणाच्या हातात नसते. फोन आला की तासाभरात निघायचं, म्हणजे शिकवणी आधीच उरकायला हवी होती. मुलगी तीन दिवस काकूंच्या समोर सगळं करत होती, काकू खुर्चीवर बसून फक्त बघायच्या. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. मग एक रात्र दोघं मुद्दाम वाईला नातेवाइकांकडे जाऊन राहिली. सकाळी मुलीनं पाठवलेल्या फोटोत भाजीची वाटी कालचीच होती, मुंग्यांसकट. ही चूक वाईत असताना कळली हे बरंच झालं. भाजीसाठी मोबाइलवर गजर लावला गेला.

निघताना बंड्याचं वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर 92 ग्रॅम भरलं. चौथ्या रात्री वळवाच्या पावसात वीज गेली आणि त्याबरोबर झिरोचा दिवाही. कॉकाटिएल काळोखात दचकतो आणि पिंजऱ्यात सैरावैरा आपटतो. सकाळी तळाशी पिसं आणि कागदावर रक्ताचे वाळलेले थेंब. मुलगी घाबरली, पण कागदावर याचीही ओळ होती: रक्त अजून गळतंय का बघ. गळत असेल तर टॉवेलात हलकं धरून कॉर्नफ्लोअर दाबायचं आणि डॉक्टर गाठायचा. थांबलं असेल तर हात न लावता शांत ठेवायचं. थांबलेलं होतं. तिनं डॉक्टरांना फोन करून खात्री केली, दुपारी तो खायला लागला. संध्याकाळी वीज गेल्यावर आपोआप लागणारा बल्ब आणला गेला. काकू त्या दिवशी नाशिकहून परत निघाल्या नाहीत, कारण त्यांच्याकडे वाटीचा आणि कागदाचा फोटो होता.

काकूंना व्हिडिओ कॉल दिवसाला एकच करायचा असं ठरवून दिलं होतं, तोही मुलगी तिथं असताना. मालकिणीचा आवाज ऐकून काही पक्षी तासभर हाका मारत बसतात. मुलीनं अर्धा तास पिंजऱ्याजवळ बसून अभ्यास करायचा, ही सोबत त्याला जास्त मानवली.

दहा दिवसांनी काका एकटे परतले. तयारीत सगळ्यांनी गृहीत धरलेला आणि अजिबात न शिकवलेला माणूस हाच. पहिल्याच सकाळी त्यांनी फोलपटांवर नवी पुडी ओतली. ते चुकलं हे त्यांना मुलीनंच, जिन्यात गाठून, सांगितलं.

काकू तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा वजन 90 ग्रॅम होतं. बंड्यानं त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि हात पुढे केल्यावर चावला. परतल्यावर एक-दोन दिवस असं होतं. तेव्हा ओढून बाहेर काढायचं नाही, जुन्या वेळा सुरू करायच्या, आणि तो स्वतः दाराशी आला की हात द्यायचा. पिसं उपटायला लागला किंवा खाणं घटलं तरच डॉक्टरकडे.

कॉकाटिएल नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, त्यामुळे पुड्यांचा डबा आणि तो कागद फडताळात तसाच आहे. मुलगी आता बारावीला आहे, फेब्रुवारीत तिला वेळ नसेल. म्हणून काकूंनी समोरच्या घरातल्या एका निवृत्त बाईंना संध्याकाळी बोलवायला सुरुवात केली आहे. सध्या त्या फक्त भाजीची वाटी उचलतात.