बिलिरुबिन नॉर्मल असताना बीएमटीनंतर (बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाच्या प्रत्यारोपणानंतर) मुलाला व्हीओडी (यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होण्याचा आजार) होऊ शकतो का?

हो. तुम्ही लिहिलंय की मुलाचा बीएमटीनंतरचा बारावा दिवस आहे, तीन दिवस वजन चढतंय आणि डॉक्टर डिफायब्रोटाइड (व्हीओडीवरचं औषध) सुरू करू म्हणतायत, तर कावीळ दिसायची वाट बघत थांबू नका. लहान मुलांत बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) न वाढताही व्हीओडी होतो.

माझी मुलगी थॅलेसेमिया मेजर. सहा वर्षांची असताना तिची बीएमटी झाली, दाता तिचा अकरा वर्षांचा भाऊ. नवव्या दिवसापर्यंत वजन १६.५ किलो होतं, ते दोन दिवसांत १७.४ झालं. तोंड फोडांनी भरलेलं, घोटभर पाणी जात नव्हतं, मग हे वजन कशाचं? ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, सलाइनचं पाणी आहे, लॅसिक्सने (लघवी वाढवणाऱ्या औषधाने) उतरेल. उतरलं नाही. उजव्या बरगडीखाली ती हात लावू देईना. प्लेटलेट चढवल्या तरी सकाळी आकडा तिथेच. बिलिरुबिन ०.९, म्हणजे नॉर्मल! अकराव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी डिफायब्रोटाइड लावलं, दर सहा तासांनी, एकवीस दिवस. त्यासाठी दागिने मोडले.

त्याच रात्री सासूबाई फोनवर म्हणाल्या, "भावाचं रक्त मानवलं नाही तिला." फोन स्पीकरवर होता. कमरेच्या हाडातून मगज काढून दिलेलं माझं पोर शेजारीच बसलं होतं. त्याने मला विचारलं, "आई, माझं परत काढून घेता येईल का?"

भावाचं रक्त मानवलं नाही, हे साफ खोटं आहे आणि आजही मी ते कुणाला बोलू देत नाही. व्हीओडी होतो तो मुख्यतः बीएमटीच्या आधी दिलेल्या केमोने. बुसल्फानसारख्या औषधाने यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजतं, सुटतं, वाट बंद होते. थॅलेसेमियाच्या मुलांचं यकृत आधीच लोहाने भरलेलं असतं. नवव्या दिवशी भावाच्या पेशी धड रुजल्याही नव्हत्या!

जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी मुलाच्या शरीरावर हल्ला करतात तो आजार) दात्याच्या पेशींमुळे होतो, हे खरं. पुढे टीएमए म्हणून रक्तवाहिन्यांचाच दुसरा त्रास होऊ शकतो. त्यात सायक्लोस्पोरिनचा (जीव्हीएचडी टाळायला देतात त्या औषधाचा) हात असू शकतो, म्हणून बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि एलडीएच (रक्ततपासणीतला एक आकडा) यांवर लक्ष ठेवा. तिथेही दात्याचा दोष नसतो. मी डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

दाता कोण ते तुम्ही लिहिलं नाही. बहीणभाऊ असेल तर आजच त्याच्याशी स्वतः बोला, नातेवाइकांच्या आधी.